पिवळं पुस्तक

नोंग हियांग, लाम्फून
१९ ऑगस्ट

मिनाए-सान यांस,

मी फोंगचान. तुमच्या वडिलांची थायलंडमधली बायको. तुम्ही मला एकदाच, फोनच्या पडद्यावर पाहिलंय, तेही त्यांनी मला ओढून समोर बसवलं म्हणून. मला तुमची भाषा कामापुरती बोलता येते, लिहिता येत नाही. हे पत्र लाम्फूनमध्ये जपानी शिकवणाऱ्या ओराफिनबाई तुमच्या भाषेत उतरवून देत आहेत.

तेइजी गेले. ४ ऑगस्टला, सकाळी. लाँगनची तोडणी चालू होती. शिडीवर चढू नका असं मी सांगितलं होतं, म्हणून ते खाली बसून फळांचे घोस टोपलीत रचत होते. मी पाणी आणायला गेले, परत आले तर टोपलीला टेकून बसलेले. मला वाटलं डोळा लागला. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. एकाहत्तर वर्षांचे होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या जुन्या नंबरवर फोन लागला नाही. त्यांच्या वहीत तुमचा पत्ता मिळाला, पण तोवर आमच्या देवळात अंत्यविधी उरकला होता. इथल्या उकाड्यात फार थांबता येत नाही. माफ करा. गावातली दीडशे माणसं आली होती. इथं त्यांना सगळे तेइकाका म्हणत. कुणाचा पंप बिघडला, गिरणी अडली, की तेइकाकांना बोलवा. इथल्या कारखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हाताला तेल लागल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

अस्थी घरी आहेत. सामान फार नाही. दोन चष्मे, हत्यारांची पेटी, तुमच्या आईचा फोटो आणि एक निळा प्लास्टिकचा फोल्डर. फोल्डरमध्ये पासपोर्टचं भाषांतर, त्यावरचे सरकारी शिक्के, आमच्या घराचा फोटो आणि त्यांच्या आईवडिलांची नावं आमच्या लिपीत लिहिलेला कागद आहे. ते पिवळ्या पुस्तकासाठी जमवलेले. आमच्याकडे प्रत्येक घराचं एक निळं पुस्तक असतं, त्यात घरातल्या माणसांची नावं. परदेशी माणसाला हवं असेल तर पिवळं मिळतं. सक्ती नसते. त्यांना ते फार हवं होतं. पण कार्यालयात दर वेळी काहीतरी निघायचं आणि काम राहून जायचं. शेवटी राहिलंच.

यातलं काय पाठवू ते कळवा.

फोंगचान


नोंग हियांग
३० सप्टेंबर

मिनाए-सान यांस,

तुमचं पत्र मिळालं. मृत्यूचा दाखला आणि त्याचं भाषांतर सोबत पाठवत आहे. तिकडे नोंद करायला लागतो असं तुम्ही लिहिलंत.

अस्थींबद्दल मला थोडा वेळ द्या. नाही म्हणत नाही. तुमच्या आईशेजारी जागा आहे हे त्यांनीही सांगितलं होतं.

तुम्ही विचारलंय, "कुठल्या अधिकाऱ्यानं अडवलं? कशावरून?" आणि नवीन वर्षाला त्यांनी तुम्हाला पाठवलेल्या कार्डातली ओळ तुम्ही उतरवून दिलीत. 'यंदा पुन्हा एका घरावर माझं नाव लागेल.' ते तुम्हाला दर वर्षी कार्ड पाठवत हे मला ठाऊक होतं. पोस्टात टाकायला मीच जायची. आत काय लिहीत ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही ती जपून ठेवलीत हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

अधिकाऱ्याचं नाव आता आठवत नाही. एकदा माझा गुडघा दुखत होता, एकदा निळं पुस्तक सापडेना, असंही झालं. घरमालकानं स्वतः जावं लागतं आणि आमच्या घराची मालक मी आहे, म्हणून माझ्यामुळेही थोडा उशीर झाला.

तसं पाहिलं तर त्या पुस्तकाचा उपयोग काय, याबद्दल इथं कुणाचंच एकमत नाही. त्यांचा एक मित्र आहे होल्गर, डेन्मार्कचा, सतरा वर्षं इथं राहतो. तो म्हणायचा, "तेइजी, तुझा व्हिसा आहे, लग्नाचा दाखला आहे, बँकेत खातं आहे. त्या पुस्तकानं जमीन मिळत नाही, मत देता येत नाही, व्हिसाही सुटत नाही. उगाच कशाला खेटे घालतोस?" त्यावर हे फायदे मोजून दाखवायचे. मोटारसायकल नावावर करायला दर वेळी पत्त्याचा दाखला आणावा लागणार नाही. सोबत गुलाबी कार्ड मिळतं, मग पासपोर्ट खिशात घेऊन फिरायला नको. होल्गर हसायचा. "एवढ्यासाठी दोन वर्षं?" हे म्हणायचे, "एवढ्यासाठी."

तुमची तब्येत सांभाळा. तिकडे गारठा सुरू झाला असेल.

फोंगचान


नोंग हियांग
११ नोव्हेंबर

मिनाए,

यावेळी मी तुला 'तू' म्हणणार आहे. ओराफिनबाई म्हणाल्या, जपानीत हे बरं दिसणार नाही. मी म्हटलं, "बाई, मी जे सांगणार आहे तेही बरं दिसणार नाही. लिहा."

कुठल्याही अधिकाऱ्यानं अडवलं नाही. मी अडवलं.

कार्यालयानं दिलेल्या पहिल्या तारखेला माझा गुडघा दुखत नव्हता. दुसऱ्या तारखेआधी निळं पुस्तक हरवलं नव्हतं. मी ते तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं होतं. तुझे वडील दोन दिवस शोधत होते. कपाटं ओढली, गाद्या उलट्या केल्या. मीपण त्यांच्याबरोबर शोधत होते. "इथं नाही बाई, तिथं बघा," असं म्हणत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "राहू दे, फोंगचान. तू दमलीस." त्या आठवड्यात भात शिजवताना दर वेळी डब्यात हात घातला की बोटांना पुस्तक लागायचं.

तिसरी तारीख मार्चमध्ये होती. तोवर मी पुस्तक 'सापडलं' म्हणून काढून दिलं होतं. साक्षीला आमचे गावप्रमुख इंथा आणि शेजारीण, दोघंही आपापली कामं टाकून आलेले. तुझे वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शाळेत नाव घालायला निघालेल्या पोरासारखे. गाडीत इंथा त्यांची उजळणी घेत होते.

"काका, कार्यालयातल्या बाई विचारतील पुस्तक कशाला हवं. काय सांगाल?"

"मी इथं राहतो म्हणून."

"एवढंच?"

"अजून काय असतं?"

इंथा खो खो हसले. "घ्या! आमचे लोक बँकॉकला जाऊनही पत्ता इथलाच ठेवतात. आणि हा माणूस इथं राहतो म्हणून इथला पत्ता मागतोय!"

कार्यालयात आम्हाला नंबर मिळाला. आमच्यापुढे तीन माणसं. मग दोन. मग एक. मी म्हटलं, "मी जरा जाऊन येते," आणि उठले. मागच्या दारानं बाहेर पडले. रस्ता ओलांडला की बाजार आहे, तिथल्या नूडल्सच्या टपरीवर जाऊन बसले. वाडगं मागवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. एक तास. दीड तास. फोन वाजत होता, तो मी पिशवीत खोल ढकलला.

बारा वाजता कार्यालयाची जेवणाची सुट्टी झाली आणि ते तिघं बाहेर आले. इंथांनी मला लांबूनच पाहिलं आणि रस्त्यातूनच ओरडले, "फोंगचान! माणसाला असं तिष्ठत ठेवतात? नंबर गेला आमचा!" शेजारीण दुसरीकडे बघत होती. तुझे वडील येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. शर्टाला घामाचे डाग पडले होते. म्हणाले, "कसे आहेत नूडल्स?"

मी म्हटलं, "गार झालेत."

त्यांनी माझं वाडगं आपल्याकडे ओढलं आणि सगळं खाल्लं. मग चॉपस्टिक्स नीट जोडून ठेवत म्हणाले, "पिवळं पुस्तक ऐच्छिक आहे. मी नियम वाचलाय. नसलं तरी चालतं."

मीच त्यांना दोन वर्षं हे वाक्य ऐकवत आले होते. 'सक्ती नाही ना, मग कशाला?' माझंच वाक्य त्यांनी मला दिलं, मला बरं वाटावं म्हणून. पुन्हा कधी विषय काढला नाही. पाच महिन्यांनी गेले.

आता का केलं ते सांगते. माझी थोरली बहीण, खाममून, शेजारच्याच घरात राहते. ती पहिल्यापासून म्हणायची, "पाहुणा पाहुण्यासारखा राहिला की घर घरासारखं राहतं. आज पुस्तकात नाव घाल, उद्या त्याची पोरगी विमानातून उतरेल हक्क सांगायला." ती पोरगी म्हणजे तू. तसा हक्क लागत नाही हे इंथांनी आम्हाला दहादा समजावलं. जमिनीचा कागद वेगळा, हे पुस्तक वेगळं. ताई म्हणायची, "सरकारी कागद कधी कुणाचा झालाय?" मी मान डोलवायची. तुझी भीती वाटायची मला, खोटं कशाला बोलू. जी मुलगी बापाशी बोलत नाही ती माझ्याशी कशी वागेल?

पण एवढंच असतं तर मी ताईशी भांडून पिवळं पुस्तक करून घेतलं असतं. तिच्याशी मी आयुष्यभर भांडत आलेय.

माझं पहिलं लग्न विसाव्या वर्षी झालं. सिंगखाम त्याचं नाव. माझ्या आईनं मोठ्या हौसेनं त्याला आमच्या निळ्या पुस्तकात घेतलं. पुढच्या पावसाळ्यात तो रायोंगला मासेमारीच्या बोटीवर गेला आणि तिथंच दुसरं घर केलं. नाव मात्र आमच्याकडे अकरा वर्षं राहिलं. निवडणूक आली की मतदारयादीत तो. जनगणनेची माणसं यायची, "घरात तिघं ना?" आई म्हणायची, "हो, तिघं." नाव काढायला जायचं म्हणजे नवरा पळाला हे टेबलावर बसलेल्या पोरीला मोठ्यानं सांगायचं. आईला ते जमेना, मलाही जमेना. ज्याचं नाव घरात होतं तो माणूस कधी घरात नव्हता. तेव्हापासून माझ्या डोक्यात खूळ बसलं, की या पुस्तकात नाव घातलं की माणूस जातो. तेइजींचं नाव बाहेर आहे तोवर तेइजी आत आहेत. बारा वर्षं ते तसे राहिलेही. मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि कदाचित आम्ही दोघं हसत हसत कार्यालयात गेलो असतो.

एक गोष्ट त्यांनीही मला एकदाच सांगितली. तुमच्या गावच्या नोंदणीतून त्यांचं नाव कमी करायला तू गेली होतीस. त्यांनी माझ्याशी लग्न केलं त्या वर्षी. परदेशी स्थायिक झाले असं लिहून दिलंस. ते म्हणाले, "मिनाएनं चुकीचं काही केलं नाही. मी तिथं राहतच नव्हतो. तिची आई आजारी होती तेव्हाही नव्हतो." मग बराच वेळ पंपाचा नट फिरवत बसले, जो आधीच घट्ट होता.

मी हे तुला टोचायला लिहीत नाही. तू काढलंस, मी घातलं नाही. मधल्या मधे तो माणूस बारा वर्षं कुठल्याच घरावर नव्हता. तुला राग आला तर येऊ दे. अस्थी तू मागितल्यास, त्या तुझ्याच. मी नाही म्हणण्याचा अधिकार घालवलाय. कधी आणि कशा पाठवू तेवढं लिही.

फोंगचान


नोंग हियांग
२० डिसेंबर

मिनाए,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं ताईला सांगते, आणि पोस्टमनची मोटारसायकल ऐकली की हातातलं टाकून फाटकाशी जाते.

काल मी एकटीच कार्यालयात गेले. त्यांचा निळा फोल्डर, आमचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन. टेबलावर एक तरुण बाई होती. तिनं फोल्डर उघडला, एकेक कागद पाहिला आणि म्हणाली, "मावशी, कागद अगदी पूर्ण आहेत. इतके नीट लावलेले मी पाहिले नाहीत. काका कुठं आहेत? त्यांना आणावं लागेल."

मी दाखला पुढं केला. तिनं तो वाचला. पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, "पोरी, आमच्यात माणूस गेला की तुम्ही पुस्तकात त्याच्या नावावर 'मृत' असा लाल शिक्का मारता ना? माझ्या आईच्या नावावर आहे, बापाच्या नावावर आहे. यांचं नाव घाल आणि लगेच शिक्का मार. मला दुसरं काही नको. कार्ड नको, काही नको."

ती म्हणाली, "मावशी, तसं नाही होत हो. बाहेर काढायला आधी आत असावं लागतं."

मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "आज्जी, आटपा की." ती पोर त्याच्यावर खेकसली, "थांबा जरा!" आणि मला पाणी आणून दिलं. फोल्डर परत देताना ती कागदांच्या कडा जुळवत होती. तिनं विचारलं, "काकांनी हे सगळं स्वतः केलं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तुमची सही तेवढी राहिलीय."

बाहेर पडताना ती नूडल्सची टपरी दिसली. मी तिकडे पाहिलं नाही.

ताई घरी आली होती. तिला सगळं सांगितलं. ताई नेहमी शेवटचा शब्द आपला ठेवते. काल तिनं चुलीतली राख सारली, दोन लाकडं घातली. मग म्हणाली, "माझ्या पाण्याच्या टाकीचा कॉक त्यानं बसवलेला. अजून थेंब गळत नाही." एवढं बोलून बाहीनं डोळे पुसत आपल्या घरी गेली.

अस्थींचं कळव.

फोंगचान


नोंग हियांग
२ मार्च

मिनाए,

तुझं जाड पाकीट शनिवारी आलं. मी ते न उघडता ओराफिनबाईंकडे घेऊन गेले. बसमध्ये मांडीवर धरून. इतकं जाड म्हणजे वकिलाचे कागद असणार, असं वाटत होतं. वाटलं, असू देत. जे असेल ते.

बाईंनी आधी तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंस की माझं नोव्हेंबरचं पत्र तू फाडायला घेतलंस, अर्धं फाटलं, मग चिकटवलंस. तू लिहिलंस, नाव कमी करायच्या अर्जावर तुझी सही तीन मिनिटांत झाली आणि तिथल्या माणसानं 'आभारी आहे' म्हटलं, तो आवाज तुझ्या कानातून जात नाही. बाई तिथं थांबल्या आणि त्यांनी चष्मा पुसला.

मग त्यांनी पाकिटातला दुसरा कागद उलगडला. म्हणाल्या, "ही त्यांच्या कुटुंबाच्या नोंदवहीची नक्कल. राहण्याची नोंद नव्हे, मिनाएनं नाव काढलं ती. ही वेगळी असते. कोण कुणाचं, कुणाचं लग्न कुणाशी, ते हिच्यात." मी म्हटलं, "मला कशाला पाठवलीय?" त्या बोट फिरवत खाली आल्या. तुझ्या आईचं नाव, तिच्यापुढे ती गेल्याची खूण. तुझं नाव. तुझ्या वडिलांची ओळ, तिच्यात ४ ऑगस्ट. तू नोंदवलेलं. आणि त्यांच्याच ओळीच्या आत एका जागी बाईंचं बोट थांबलं.

"हे वाचता येतंय का?"

"मला कसं येईल?"

"फोंगचान," त्या म्हणाल्या. "पत्नी. देश थायलंड. तुमची जन्मतारीख. लग्नाची तारीख."

मी म्हटलं, "हे तुम्ही आता लिहिलंत का मिनाएनं लिहिलं?"

"तेरा वर्षांपूर्वीची नोंद आहे. लग्नानंतर सहा आठवड्यांनी. त्यांनीच कळवलेली."

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा एकदा. मला आता आठवतं, आमचं लग्न झाल्यावर त्यांनी एका सकाळी जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला होता, "इथं तुझं नाव नीट लिही," म्हणाले होते. मला वाटलं व्हिसाचं असेल. मी हात पुसला आणि लिहिलं. विचारलंसुद्धा नाही. त्यांनीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, मिनाए? मला वाटतं त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. बायको आहे, तिचं नाव लिहायचं, झालं.

आणि तू लिहिलंस की पासपोर्ट काढायला ती वही मागवलीस तेव्हा तू ते नाव पाहिलंस. आईच्या नावाच्या इतकं जवळ. त्या दिवशी तू ठरवलंस की बाबांच्या कार्डाला उत्तर द्यायचं नाही. दर वेळी वही मागवलीस की ते नाव तिथंच. तू लिहिलंस, 'मी बारा वर्षं तुमच्या नावाचा राग केला, आणि तुम्हाला तुमचं नाव तिथं आहे हेच माहीत नव्हतं.' बाई म्हणाल्या, हे वाक्य तू खोडून पुन्हा लिहिलेलं दिसतंय.

मी काय उत्तर देऊ? तो राग साहजिक होता. मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी तांदळाच्या डब्यातून पुस्तक काढून धावत गेले असते, असं आता वाटतं. पण मी स्वतःला ओळखते. कदाचित तरीही गेले नसते.

तू विचारलंस, बाबांच्या अस्थी अर्ध्या-अर्ध्या केल्या तर चालेल का. चालेल. आमच्या देवळातल्या भिक्षूंना विचारलं, ते म्हणाले माणूस काही त्याने अर्धा होत नाही. एप्रिलमध्ये आमचं नवीन वर्ष असतं, लहान माणसं मोठ्यांच्या हातावर पाणी घालतात. तेव्हा येणार म्हणतेस तर ये. घर साधं आहे. ताई तुला खूप प्रश्न विचारेल आणि मिरचीचा ठेचा वाढेल. तिखट लागला तर सांग, तिला राग येणार नाही. आला तरी तो जेवण होईपर्यंतच टिकतो. मी चियांग माईच्या विमानतळावर इंथांना घेऊन येईन. त्यांची गाडी जुनी आहे, पण तिचं इंजिन तुझ्या वडिलांनी दोनदा उघडलंय.

ओराफिनबाईंना मी म्हटलं, माझं नाव त्या वहीत जसं आहे तसं मला एका कागदावर काढून द्या. पाच-सहा अक्षरं आहेत, सगळी काड्यांसारखी. तीन दिवस गिरवते आहे. खालची सही बाईंची नाही, माझी आहे. एक काडी जरा लांब गेलीय. तुला वाचता आलं तर कळव.

フォンチャン